जहाजानंतरची नऊ वर्षे : आमदार आणि मेजर जनरल रॉबर्ट स्मॉल्स

१/ १८७३ साली जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना त्यांनी ते अर्पण केले, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ती अर्पणपत्रिका छापली जात होती त्या वेळी अमेरिकेत प्रत्यक्षात काय चालले होते, असे सहसा कोणी विचारत नाही. आजचा धागा तिथूनच सुरू करतो.

२/ त्या वर्षी साउथ कॅरोलिना राज्याच्या सिनेटमध्ये ब्यूफर्टचे प्रतिनिधी म्हणून ३४ वर्षांचे एक गृहस्थ बसत होते. अकराच वर्षांपूर्वी कायद्याच्या लेखी ते माणूस नव्हते, एका कुटुंबाची मालमत्ता होते. त्याच दशकात त्याच राज्याच्या मिलिशियात ते लेफ्टनंट कर्नल, पुढे ब्रिगेडियर जनरल आणि अखेरीस मेजर जनरल झाले. त्यांचे नाव रॉबर्ट स्मॉल्स.

३/ हे नाव ज्यांनी ऐकले आहे त्यांनी ते जहाजाच्या कथेतून ऐकले असणार. ती कथा थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण माझी तक्रार त्या कथेविषयीच आहे. म्हणजे ती खोटी आहे अशी नव्हे. ती इतकी रोमहर्षक आहे की तिच्या उजेडात या माणसाचे उरलेले आयुष्य दिसेनासे झाले आहे.

४/ १३ मे १८६२ ची पहाट. चार्ल्सटन बंदर बंडखोर दक्षिणी राज्यांच्या ताब्यात होते. ‘प्लँटर’ नावाच्या वाफेच्या जहाजाचे गोरे अधिकारी रात्री गावात उतरले होते. सुकाणूवर काम करणाऱ्या २३ वर्षांच्या स्मॉल्स यांनी कृष्णवर्णीय खलाशांसह जहाज हलविले, वाटेत दुसऱ्या धक्क्यावरून बायकामुलांना घेतले, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढविली आणि फोर्ट सम्टरसमोर शिटीचा ठरलेला संकेत अचूक दिला. पहारेकऱ्यांनी जहाज जाऊ दिले. तोफांच्या टप्प्याबाहेर पडल्यावर पांढरी चादर वर चढली आणि ‘प्लँटर’ उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन झाले. जहाजासोबत तोफा आल्या, संकेतांची वही आली, आणि त्याहून मोलाची अशी बंदराची बित्तंबातमी आली.

५/ एखाद्या चित्रपटात शोभावी अशी ही रात्र. बहुतेक लेख, चित्रफिती आणि बालपुस्तके तिथेच थांबतात, किंवा ‘पुढे ते अमेरिकन काँग्रेसचे सदस्य झाले’ या एका वाक्यात उरलेली ५३ वर्षे उरकून टाकतात. माझ्या मते या आयुष्याचा गाभा १८६८ ते १८७७ या नऊ वर्षांत आहे. या काळात स्मॉल्स आधी राज्याचे आमदार होते, नंतर खासदार झाले, आणि त्यातली बरीच वर्षे मिलिशियाचे अधिकारीही होते. कायदा करण्याचा अधिकार आणि त्या कायद्याच्या रक्षणासाठी शस्त्र धरण्याचा अधिकार एकाच माणसाकडे, तेही कालपर्यंत गुलाम असलेल्या माणसाकडे, होता. साउथ कॅरोलिनाच्या जुन्या सत्ताधाऱ्यांना सर्वाधिक खुपले ते हेच.

६/ आधी युद्धातील सेवेविषयी एक गुंता सांगायला हवा, तो पुढे कामाला येईल. जहाज आणल्यानंतर स्मॉल्स उत्तरेच्या बाजूने वाटाड्या नाविक म्हणून, म्हणजे पायलट म्हणून, लढले. एप्रिल १८६३ मध्ये चार्ल्सटनवरील हल्ल्यात ‘किओकक’ या चिलखती जहाजावर सुमारे ९० गोळे आदळले, दुसऱ्या दिवशी ते बुडाले. तेव्हा त्यावर पायलट स्मॉल्सच होते. त्याच वर्षी डिसेंबरात ‘प्लँटर’ शत्रूच्या माऱ्यात सापडले. गोरा कप्तान कोळशाच्या कोठीत जाऊन लपला, तेव्हा जहाज स्मॉल्स यांनी बाहेर काढले. मग त्यांनाच त्या जहाजाचे कप्तान करण्यात आले.

७/ पण ‘कप्तान’ म्हणजे नेमके काय? आरमाराच्या नियमांत कृष्णवर्णीय माणसाला अधिकारपदाची सनद मिळण्याची सोय नव्हती. ते लढत होते, पगार घेत होते, हुकूम देत होते. परंतु कागदावर ते रीतसर सैनिक होते की कंत्राटी नाविक, हे धूसरच राहिले. या धूसरपणाची किंमत त्यांना तीन दशकांनंतर मोजावी लागली. ते पुढे येईलच.

८/ युद्ध संपले. काँग्रेसने दक्षिणेतील राज्यांना नव्या राज्यघटना करायला लावल्या आणि त्या घटनासमित्या निवडण्यासाठी मुक्त झालेल्या पुरुषांना मताधिकार दिला. १८६८ च्या जानेवारीत चार्ल्सटन येथे साउथ कॅरोलिनाची घटनासमिती भरली, तेव्हा तिच्यात कृष्णवर्णीय प्रतिनिधींचे बहुमत होते. स्मॉल्स त्यांपैकी एक. सर्व मुलांसाठी मोफत सार्वजनिक शाळा असाव्यात, हा ठराव मांडणाऱ्यांत ते होते.

९/ इथे क्षणभर थांबा. त्याच राज्यात १८३४ च्या कायद्याने गुलामांना वाचायला शिकविणे हा गुन्हा ठरविला होता. स्मॉल्स स्वतः अक्षरे शिकले ते वयाच्या विशीत, युद्धाच्या धामधुमीत. आणि त्यांनी राज्याच्या मूलभूत कायद्यात लिहविलेली गोष्ट कोणती, तर शाळा. त्याही दोन्ही वर्णांच्या मुलांसाठी. साउथ कॅरोलिनातील गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही राज्यव्यापी सार्वजनिक शिक्षण मिळाले ते या ‘अडाणी’ म्हणून हिणविलेल्या विधिमंडळामुळे.

१०/ १८६८ मध्ये स्मॉल्स राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले. १८७० मध्ये सिनेटर जोनाथन राइट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले, त्यांच्या रिकाम्या जागी स्मॉल्स सिनेटमध्ये गेले. १८७४ पर्यंत ते तिथे होते. आता मिलिशियाकडे वळू.

११/ मिलिशिया म्हणजे खडे सैन्य नव्हे. ते राज्याचे नागरी दल असे. त्यात शेतकरी, सुतार, नावाडी, शिक्षक असत. ठरलेल्या दिवशी कवायत, सणाच्या दिवशी संचलन, आणि गव्हर्नरने बोलावले तर बंदूक घेऊन हजर. आजच्या अमेरिकेतील नॅशनल गार्ड ही याच परंपरेची पुढची पायरी. युद्धानंतर दक्षिणेत जुने बंडखोरच मिलिशिया बनवून मुक्त लोकांना छळू लागले, म्हणून काँग्रेसने १८६७ मध्ये ती दले बरखास्त केली. नवी सरकारे आल्यावर, १८६९ पासून, साउथ कॅरोलिनात नवी मिलिशिया उभी राहिली. कायद्याने ती सर्वांसाठी खुली होती. कृष्णवर्णीयांच्या शेजारी उभे राहून कवायत करणे गोऱ्यांना मान्य नव्हते, ते आले नाहीत. त्यामुळे दल जवळजवळ संपूर्ण कृष्णवर्णीयांचे झाले, आणि मग ‘हे पाहा, काळ्यांचे सैन्य’ असा गवगवा झाला. आधी पंगतीला बसायचे नाकारायचे, आणि मग एकट्यानेच जेवले म्हणून ओरडायचे, असा हा प्रकार.

१२/ तुम्ही विचाराल, आमदाराने सैन्यात पद कसे घेतले? लाभाचे पद आडवे आले नाही का? अमेरिकेतील अनेक राज्यघटनांत आमदाराला दुसरे शासकीय पद धारण करण्यास मनाई असे, पण मिलिशियाच्या अधिकाऱ्यांना त्यातून वगळलेले असे. साउथ कॅरोलिनातही ही सवलत जुनी, गुलामगिरीच्या काळापासूनची. मळ्यांचे मालक विधिमंडळातही बसत आणि मिलिशियाचे कर्नलही म्हणवून घेत. ‘कर्नल’ ही तिथली एक सामाजिक पदवीच होऊन गेली होती. तेव्हा एकाही वृत्तपत्राला त्यात सत्तेचे धोकादायक केंद्रीकरण दिसले नव्हते.

१३/ आपल्याकडेही याला एक दूरचे साम्य आहे. नियमित लष्करातील व्यक्तीला निवडणूक लढविता येत नाही. पण प्रादेशिक सेनेतील पद लाभाच्या पदाच्या अपात्रतेतून वगळण्याची तरतूद संसदेच्या १९५९ च्या कायद्यात आहे. सचिन पायलट केंद्रात मंत्री असताना २०१२ मध्ये प्रादेशिक सेनेत अधिकारी झाले. पुढे ते राजस्थानात आमदार झाले. साम्य इथेच संपते. आपल्याकडील प्रादेशिक सेनेच्या अधिकाऱ्याला, आपली तुकडी उद्या आपल्याच मतदारांना मतपेटीपर्यंत सुखरूप पोहोचवू शकेल का, अशी चिंता करावी लागत नाही.

१४/ स्मॉल्स यांना ती करावी लागत होती. १८७० च्या निवडणुकीनंतर राज्याच्या उत्तरेकडील डोंगराळ पट्ट्यात कू क्लक्स क्लॅनचा धुमाकूळ माजला. त्यांचे पहिले लक्ष्य कोण होते? मिलिशियाचे लोक. मार्च १८७१ मध्ये यॉर्क परगण्यातील मिलिशियाचे कॅप्टन जिम विल्यम्स यांना रात्री घरातून ओढून नेऊन झाडाला फाशी दिले. गव्हर्नर स्कॉट यांनी शांतता विकत घ्यावी तशी काही भागांतील मिलिशियाची शस्त्रे परत घेतली. शांतता आली नाही. अखेर ऑक्टोबर १८७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना नऊ परगण्यांत बंदीप्रत्यक्षीकरणाचा हक्क स्थगित करून केंद्रीय सैन्य पाठवावे लागले.

१५/ या काळात ब्यूफर्ट मात्र तुलनेने शांत होते. याचे श्रेय एकट्या स्मॉल्स यांना देण्याचा मोह मला होतो, पण तो आवरतो. ब्यूफर्ट नोव्हेंबर १८६१ मध्येच उत्तरेच्या आरमाराने घेतले होते, मळेवाले पळून गेले होते, आणि तिथे कृष्णवर्णीयांची संख्या गोऱ्यांच्या कितीतरी पट होती. अनेकांकडे स्वतःची थोडीथोडकी जमीन आली होती. स्वतः स्मॉल्स यांनी, जिथे त्यांचा जन्म गुलाम म्हणून झाला तेच मालकाचे घर, युद्धकाळातील करविक्रीत विकत घेतले. १८७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मालकी कायम केली. अशा भूमीवर आमदार आणि सेनाधिकारी या दोन भूमिका एकमेकींना आधार देत. जिथे ही भूमी नव्हती तिथे काय झाले, ते पाहायचे तर सव्हाना नदीच्या काठी जावे लागेल.

१६/ तिथे हॅम्बर्ग नावाचे लहानसे गाव होते. पलीकडच्या तीरावर जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा शहर. हॅम्बर्गचे न्यायदंडाधिकारी होते प्रिन्स रिव्हर्स. त्यांची कारकीर्द म्हणजे जणू स्मॉल्स यांच्या कारकिर्दीची जुळी बहीण. तेही गुलाम म्हणून जन्मले, मालकाची घोडागाडी हाकत. युद्धात पहिल्या साउथ कॅरोलिना स्वयंसेवक पलटणीचे ध्वजधारी सार्जंट. मग १८६८ ते १८७४ आमदार. आणि मिलिशियात मेजर जनरल. एकाच राज्यात, एकाच वेळी, एकाच मुशीतून निघालेली ही दोन माणसे होती.

१७/ ४ जुलै १८७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा शंभरावा वाढदिवस. हॅम्बर्गच्या रस्त्यावर कृष्णवर्णीय मिलिशियाची एक तुकडी संचलन करीत होती. दोन गोरे तरुण घोडागाडीतून आले आणि मधूनच वाट मागू लागले. बाचाबाची झाली, अखेर तुकडीने रांगा फोडून वाट दिली. गाडी गेली. इतकेच घडले होते.

१८/ दुसऱ्या दिवशी रिव्हर्स यांच्यासमोर तक्रार दाखल झाली. ८ जुलैला सुनावणी. त्या दिवशी फिर्यादींचा वकील म्हणून बंडखोर सैन्याचा माजी जनरल मॅथ्यू बटलर आला, आणि त्याच्यासोबत शेकडो सशस्त्र माणसे. त्याची मागणी एकच : मिलिशियाने शस्त्रे आपल्या स्वाधीन करावीत. राज्याची शस्त्रे, राज्याच्या सैनिकांनी, एका खासगी वकिलाच्या! तुकडीने नकार दिला आणि आपल्या शस्त्रागारात आसरा घेतला. नदीपलीकडून तोफ आणली गेली. गोळीबारात एक गोरा मारला गेला. पळणाऱ्यांना पकडण्यात आले, आणि रात्री त्या कैद्यांतून निवडून निवडून काहींना गोळ्या घातल्या. त्या दिवशी सहा-सात कृष्णवर्णीयांचा बळी गेला. ९४ गोऱ्यांवर आरोप ठेवले गेले. एकावरही खटला चालला नाही. बटलर पुढच्याच वर्षी अमेरिकन सिनेटवर गेला.

१९/ या कथेत रिव्हर्स यांच्याकडे पाहा. न्यायाधीशाची खुर्ची आहे, जनरलचा हुद्दा आहे, आमदारकीचा अनुभव आहे. समोर जमावाने तोफ आणली आहे. त्यांनी रक्तपात टाळण्यासाठी शस्त्रे देऊन टाकण्याविषयीही तुकडीशी बोलणी केली. काहीही उपयोगी पडले नाही. सत्ता कागदावर असणे आणि ती जमिनीवर असणे यांतील अंतर मला हॅम्बर्गइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसले आहे.

२०/ स्मॉल्स तेव्हा वॉशिंग्टनमध्ये होते. १८७५ पासून ते काँग्रेसचे सदस्य होते, मिलिशियाचे पद मात्र कायम होते. टेक्सासच्या सीमेवर सैन्य पाठविण्याचे विधेयक सभागृहात आले तेव्हा त्यांनी दुरुस्ती सुचविली : ज्या राज्यात मिलिशियाच्या लोकांना निःशस्त्र करून, कैद करून ठार मारले जाते, तिथून केंद्रीय सैन्य हलवू नये. हॅम्बर्गविषयीचे एका प्रत्यक्षदर्शीचे पत्र त्यांनी सभागृहापुढे ठेवले. विरोधी सदस्य लेखकाचे नाव विचारू लागले. त्यांनी ते सांगितले नाही. सांगितले असते तर तो माणूस जिवंत राहिला नसता, हे तिथे बसलेल्या सर्वांनाच कळत होते.

२१/ दुरुस्तीवरील ते भाषण काँग्रेसच्या इतिवृत्तात आहे, कोणीही वाचू शकतो. तिथे बोलणारा माणूस खासदार आहे, पण तो ज्यांच्याविषयी बोलतो आहे ते त्याच्याच दलातले सैनिक आहेत. एरवी शस्त्र आणि कायदा एका हाती नसावेत, असे मानणारा मी आहे. आशिया-आफ्रिकेतील गणवेशधारी राज्यकर्त्यांचा इतिहास वाचलेल्या कोणालाही तसेच वाटेल. परंतु तत्त्व आंधळेपणाने लावले की घोटाळा होतो. हुकूमशहा सैन्याच्या जोरावर विधिमंडळ गिळतो. इथे उलट होते : लोकांनी निवडलेले विधिमंडळच उघड्यावर पडले होते, आणि त्याला जो काही आडोसा होता तो या अर्धवट शिकविलेल्या, अपुऱ्या शस्त्रांच्या दलाचा.

२२/ प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे दल पक्षनिरपेक्ष नव्हते. गव्हर्नर स्कॉट यांनी १८७० च्या निवडणुकीआधी ते वाढविले, त्याच्या खर्चात गोलमाल झाला, आणि मिलिशियाची संचलने रिपब्लिकन पक्षाच्या सभांसारखी दिसत, हे आरोप निराधार नाहीत. स्मॉल्स यांना बढत्या मिळाल्या त्यात त्यांच्या राजकीय वजनाचा वाटा नसेल असे मी म्हणणार नाही. पण समोरच्या पक्षाकडे ‘रायफल क्लब’ नावाखाली उभी केलेली खासगी पथके होती, त्यांना ना कायद्याचा आधार, ना कोणाचा जाब. या दोहोंना ‘दोन्हीकडची शस्त्रे’ म्हणून एका तागडीत तोलणारे लेख मी वाचतो तेव्हा माझा संयम सुटतो.

२३/ आता त्याच उन्हाळ्यातला एक प्रसंग. मला तो जहाजाच्या रात्रीपेक्षाही मोठा वाटतो आणि तो जवळजवळ कोणीच सांगत नाही. कंबाही नदीकाठच्या भातखाचरांत मजुरांनी संप केला होता. मजुरी कमी, आणि तीही रोख नव्हे, चिठ्ठ्यांत. त्या चिठ्ठ्या चालायच्या फक्त मळेवाल्याच्याच दुकानात, तिथल्याच चढ्या भावात. मजुरांनी रोख पैसे मागितले. काही संपकऱ्यांनी कामावर जाणाऱ्यांना मारहाणही केली. मळेवाल्यांच्या बाजूने सशस्त्र घोडेस्वार जमले. हॅम्बर्गला दोन महिनेही झाले नव्हते.

२४/ गव्हर्नर चेंबरलेन यांनी स्मॉल्स यांना तिकडे धाडले. विचार करा, मिलिशियाचा मेजर जनरल, आपल्या जिल्ह्यात, आपल्याच मतदारांसमोर. तुकडी घेऊन जाणे सोपे होते, आणि समोरची मंडळी नेमकी त्याचीच वाट पाहत होती. स्मॉल्स बोलणी करायला गेले. त्यांनी गोऱ्या घोडेस्वारांना मागे फिरायला लावले आणि ज्या संपकऱ्यांवर मारहाणीचे आरोप होते त्यांना निःशस्त्र होऊन कायद्याच्या स्वाधीन व्हायला राजी केले. ती माणसे ब्यूफर्टपर्यंत चालत गेली. न्यायदंडाधिकाऱ्याने त्यांना सोडून दिले. मळेवाल्यांना चिठ्ठ्यांऐवजी रोख मजुरी देण्याकडे वळावे लागले. कोणी मेले नाही.

२५/ कोणी मेले नाही म्हणूनच तो प्रसंग इतिहासाच्या पुस्तकांत तळटीप होऊन राहिला असावा. पण जरा बारकाईने पाहा : संपकऱ्यांनी स्मॉल्स यांचे ऐकले ते केवळ आमदार होते, खासदार आहेत म्हणून नव्हे. हा माणूस उद्या आपल्या बाजूने दल उभे करू शकतो, ही जाणीव दोन्ही बाजूंना होती. शस्त्र म्यानात ठेवता आले, कारण ते होते.

२६/ मग नोव्हेंबर १८७६ ची निवडणूक आली. वेड हॅम्प्टनचे ‘लाल सदरे’ गावोगावी फिरले. निकालावर वाद, राज्यात दोन गव्हर्नर, दोन विधिमंडळे. एप्रिल १८७७ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष हेज यांनी कोलंबियातील राज्यभवनावरून केंद्रीय सैन्य काढून घेतले आणि चेंबरलेन यांचे सरकार पडले. स्मॉल्स यांचे मेजर जनरलपद गेले. प्रिन्स रिव्हर्स यांचे सर्वच गेले. ते पुन्हा घोडागाडी हाकू लागले. माजी आमदार, माजी न्यायदंडाधिकारी, माजी मेजर जनरल. १८८७ मध्ये ते वारले, तोपर्यंत त्यांचा हाच धंदा होता.

२७/ स्मॉल्स यांच्यावर त्याच वर्षी खटला भरला गेला. राज्य सिनेटमध्ये छपाईच्या समितीवर असताना ५,००० डॉलरची लाच घेतल्याचा आरोप. मुख्य साक्षीदार स्वतः त्या घोटाळ्यात अडकलेला सिनेटचा कारकून. तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. अपिलासाठी जामीन मिळाला. आणि १८७९ मध्ये गव्हर्नर सिम्प्सन यांनी माफी दिली. त्या माफीमागे सौदा होता : केंद्राने निवडणुकीतील गैरप्रकारांबद्दल डेमोक्रॅट मंडळींवर भरलेले खटले सोडून द्यायचे. लाच घेतली होती की नाही? इतिहासकारांत मतभेद आहेत. त्या विधिमंडळात पैसा खाल्ला जात होता, यात शंका नाही; गोरे आणि कृष्णवर्णीय दोघेही खात होते. परंतु ज्यांना खरोखर भ्रष्टाचाराचा संताप असतो ते दोषी ठरलेल्या माणसाला आपले खटले सोडवून घेण्यासाठी अदलाबदलीत देत नाहीत.

२८/ १८७८ च्या प्रचारात गिलिसनव्हिल गावी लाल सदरेवाल्यांनी स्मॉल्स यांना एका दुकानात कोंडले. आता हुद्दा नव्हता, दल नव्हते. आजूबाजूच्या शेतांतून बातमी पसरली आणि बाया-पुरुष कुऱ्हाडी, खुरपी, हाताला लागेल ते घेऊन शेकडोंनी धावत आले. वेढा उठला. ती निवडणूक मात्र ते हरले. पुढे पुन्हा दोनदा काँग्रेसमध्ये गेले, ते १८८७ पर्यंत.

२९/ १८९५ मध्ये राज्याने नवी घटना करायला घेतली. उद्देश उघड होता, कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेणे. सूत्रधार बेन टिलमन. हॅम्बर्गच्या कत्तलीत भाग घेतलेला आणि ते जाहीर भाषणांतून मिरविणारा. समितीत सहाच कृष्णवर्णीय सदस्य, त्यांत ५६ वर्षांचे स्मॉल्स. आंतरवर्णीय विवाहाला बंदी घालण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी दुरुस्ती सुचविली : मग कृष्णवर्णीय स्त्रीशी संबंध ठेवणारा गोरा पुरुष सार्वजनिक पदाला अपात्र ठरावा, आणि त्यांच्या अपत्याला बापाचे नाव व वारसा मिळावा. सभागृहात उडालेला गोंधळ कल्पनेनेच जाणावा. अखेर घटनेवर सही करायला त्यांनी नकार दिला. सही नाही तर प्रवासभत्ता नाही, असे सुचविण्यात आले. तर ब्यूफर्टपर्यंत चालत जाईन, असे त्यांनी सांगितले. १८६८ ची घटना करणाऱ्या हातांनी तिचा अंत्यविधी करायचे नाकारले.

३०/ आणि आता तो जुना गुंता. म्हातारपणी स्मॉल्स यांनी युद्धसेवेबद्दल निवृत्तिवेतन मागितले तेव्हा त्यांची रीतसर भरतीची नोंद सापडेना. १८९७ मध्ये काँग्रेसला खास कायदा करून त्यांना महिना ३० डॉलर द्यावे लागले. ‘प्लँटर’च्या बक्षिसाची उरलेली रक्कम त्यांना मिळाली ती १९०० मध्ये, ३८ वर्षांनी. संघराज्यासाठी बंदुकांच्या तोंडी उभे राहिले तेव्हाचा हुद्दा कागदावर धूसर. निर्विवाद हुद्दा तेवढा साउथ कॅरोलिना मिलिशियाचा, जो त्यांच्या शत्रूंनी ‘काळ्यांचे सैन्य’ म्हणून हसण्यावारी नेला.

३१/ पण इतिहासालाही कधी कधी विनोदबुद्धी असते. २००७ मध्ये अमेरिकन लष्कराने एक मालवाहू जहाज सेवेत घेतले. त्याचे नाव ‘मेजर जनरल रॉबर्ट स्मॉल्स’. मिलिशियातला तोच हुद्दा, जहाजाच्या कडेवर रंगवलेला. २०२३ मध्ये आरमाराने ‘चान्सलर्सव्हिल’ या बंडखोरांच्या विजयाचे नाव असलेल्या युद्धनौकेला ‘रॉबर्ट स्मॉल्स’ हे नाव दिले.

३२/ १९१५ मध्ये ते वारले, ते त्याच घरात, ज्याच्या मागच्या अंगणातील गुलामांच्या खोलीत जन्मले होते. २०२४ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने राज्यभवनाच्या आवारात त्यांचे स्मारक उभारण्याचा कायदा केला. त्या आवारात टिलमनचा पुतळा १९४० पासून उभा आहे. घोड्यावर बसलेला वेड हॅम्प्टनही आहे.

३३/ शिल्पकार त्यांना कोणत्या वेशात घडवेल, याची मला उत्सुकता आहे. गवती टोपी आणि सुकाणू, हे चित्र डोळ्यांसमोर लगेच येते आणि लोकांना आवडेलही. माझ्या हाती असते तर मी सिनेटरचा लांब कोट दिला असता, खांद्यावर मिलिशियाची पदचिन्हे, आणि हातात १८६८ च्या घटनेतले शाळांचे कलम. तोंड टिलमनच्या पुतळ्याकडे.